सोपवलेलं दुखणं

झुंबरबाई सांगळ्यांनी सत्तरी ओलांडली तसे आपले उपास एकेक करून सुनेला देऊन टाकले. आधी सोमवार दिला, मग एकादशी, आणि सगळ्यांत शेवटी, फार जड मनानं, संकष्टी चतुर्थी. द्यायची रीत साधी होती. सुनेच्या ओंजळीत सुपारी ठेवायची, वर पळीभर पाणी सोडायचं आणि म्हणायचं, आजपासून माझ्या वतीनं तू. त्यानंतर सासूनं सकाळी वाटीभर पोहे खाल्ले तरी उपास मोडत नसे, कारण घरात सून उपाशी असे. देव घराकडे बघतो, पोटाकडे बघत नाही, असं झुंबरबाईंचं म्हणणं.

चतुर्थी दिली त्या दिवशी एस्तेर लोंढे तिथंच होती. झुंबरबाईंच्या छातीच्या ऑपरेशनची जखम अजून ओली होती आणि ती बांधायला एस्तेर एक दिवसाआड सांगळ्यांकडे जाई. सिन्नरच्या गृहसेवा केंद्राची ती सगळ्यांत जुनी नर्स. गावात तिला लोंढे सिस्टर म्हणूनच ओळखत. सुनेनं, योगितानं, ओंजळ पुढे केली, पाणी हातावरून निथळून फरशीवर पडलं, आणि तिनं ते लगेच पोतेऱ्यानं पुसूनही घेतलं.

"मावशी, सगळं तिलाच देता. मला पण एखादा उपास द्या की," एस्तेर कात्री गुंडाळत म्हणाली.

"तू किरिस्ताव. तुझा देव घेतो का उपास?"

"घेतो की. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस."

"चाळीस?" झुंबरबाईंनी कपाळाला हात लावला. "मग ऱ्हाऊ दे बाई. तुझं तुलाच पुरेल."

योगिता हसली आणि चहा ठेवायला आत गेली. त्या घरात चहा घेतल्याशिवाय नर्सला उठू देत नसत.

एस्तेरची आईही नर्स होती. त्या काळी फाट्यापर्यंत एसटी आणि पुढे पायी, असा तिचा दिवस. स्टीलच्या लांबट डबीत काचेची सिरिंज असायची. ती पेशंटच्याच चुलीवर उकळायची, आणि पाणी उकळेपर्यंत चुलीपाशी बसून घरातल्या बायकांशी बोलायचं. त्या स्पिरिटच्या वासासकट आई अजून एस्तेरच्या नाकात होती. शाळेला सुट्टी असली की ती आईबरोबर जाई. आईनं तिला एक गोष्ट सांगून ठेवली होती. घरात शिरलीस की पेशंटकडे सावकाश बघ, पेशंट आपलं दुखणं सांगतोच. आधी जी चहा घेऊन येते तिच्या तोंडाकडे बघ.

पण तीच आई शेवटी गेली ती तळमळत. पोटात दुखतं म्हणून ती सांगे आणि तपासणारा दरवेळी विचारी, दहापैकी किती? आई आयुष्यभर दुसऱ्यांचं दुखणं ऐकत आलेली. स्वतःचं सांगताना ती भिडेनं चार म्हणे, आणि चाराचंच औषध मिळे. म्हणून वेदनापट्टी आली तेव्हा केंद्रातल्या बाकीच्या जणी कुरकुरल्या, पण एस्तेरला मनापासून बरं वाटलं होतं.

पट्टी बोटभर लांब, कातडीच्या रंगाची. मानेच्या मागच्या बाजूला, मणक्याच्या जरा कडेला चिकटवायची. शरीराला इजा झाली की कातडीखालच्या बारीक मज्जातंतूंमधून विजेचे ठोके मेंदूकडे पळतात. मेंदू ते ओळखतो आणि मग बरंच काही घडतं. घामातले क्षार बदलतात, केसासारख्या रक्तवाहिन्या आक्रसतात, हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर किंचित कमीजास्त होऊ लागतं. यातली एकेक खूण तशी बेभरवशाची. माणूस घाबरला, धावला, भांडला तरी ती दिसते. पण दुखण्यात या खुणा एका ठरावीक क्रमानं येतात. जिन्यावर पाऊल वाजलं की कोण आलं हे घरच्यांना न बघता कळतं ना, तसं हजारो माणसांच्या नोंदींवरून यंत्राला दुखण्याचं पाऊल ओळखता येऊ लागलं होतं. माणसानं ओठ घट्ट मिटले तरी ते लपत नसे.

पट्टीला जोडीदार होता तो औषधाचा पंप. रुग्णाच्या कमरेला बांधलेली काडेपेटीएवढी डबी आणि पोटाच्या कातडीत रुतवलेली बारीक सुई. दुखणं चढलं की पट्टी पंपाला सांगे आणि पंप औषध सोडी. जास्त औषधानं श्वास मंदावतो, म्हणून त्याला एक मर्यादा घातलेली असे. ती वाढवायची तर केंद्रात बसलेल्या नर्सनं परवानगी द्यायची. आठवड्याला पट्टी बदलायची. नव्या पट्टीला पहिला तासभर लागे. ज्याच्या अंगावर ती लावली त्याच्या हृदयाची चाल ती शिकून घेई आणि पुढचं सगळं त्या चालीवरून जोखी. श्वास आणि हालचालही ती नोंदवी. बदलण्याचं काम इतकं सोपं होतं की ते घरच्यांवर सोपवलं गेलं.

झुंबरबाईंचा कॅन्सर हाडांत उतरला त्या सुमारास त्यांच्या मानेवर पट्टी आणि कमरेला पंप आला. त्याआधी गल्लीच्या तोंडापर्यंत त्यांचं ओरडणं ऐकू जाई. पंप आला आणि त्या पहिल्यांदा रात्रभर झोपल्या. सकाळी त्यांनी एस्तेरच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली होती.

त्यानंतर घरी जायचं कारणच उरलं नाही. स्कूटर केंद्राच्या शेडमध्ये धूळ खात उभी राहिली. एका नर्सला पूर्वी दिवसात जेमतेम आठ घरं होत, आता खुर्चीत बसून शंभर माणसं सांभाळता येत. काचेच्या भिंतीवर हिरवे, पिवळे, तांबडे ठिपके. तांबड्यावर बोट ठेवायचं, बघायचं, परवानगी द्यायची. कुणी तडफडत नव्हतं. एस्तेरला पाठदुखी जडली एवढंच.

गौरी-गणपती आटोपले आणि झुंबरबाईंचा ठिपका तांबडा झाला. दहापैकी सात. दुपारी आठ. रात्री जरा उतरायचा, पहाटेपासून पुन्हा चढायचा. पंपाची मर्यादा संपलेली दिसत होती. हाडांतलं दुखणं, ते वाढणारच. एस्तेरनं मर्यादा वाढवली आणि चौकशीसाठी फोन लावला. योगितानं उचलला.

"आत्या झोपल्यात, सिस्टर. हल्ली झोपूनच असतात."

"उठव जरा. एक शब्द बोलू दे."

बऱ्याच वेळानं झुंबरबाईंचा आवाज आला, खोल विहिरीतून आल्यासारखा.

"मावशी, फार दुखू राहिलं का?"

"मला कुठं दुखू राहिलं. तुझ्या पट्टीलाच दुखत असंल. तिलाच पाज औषध."

एस्तेरला हसू आलं. औषध लागू पडलेला माणूस असंच बोलतो, हे तिला ठाऊक होतं.

"तू येत का नाही गं? ये ना. योगिता बघ, नीट जेवत नाही."

"तुमचेच उपास करून सुकली असेल ती. दोनचार परत घ्या."

पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, आणि तोही सावकाश.

एस्तेर उठून ऋतुजाकडे गेली. ऋतुजा केंद्राची प्रमुख. वयानं लहान, पण मुलगी मनाची चांगली होती. नर्सच्या वाढदिवसाला आठवणीनं केक आणी.

"सांगळ्यांकडे जाऊन येऊ का? आकडा उतरत नाही."

"सिस्टर, श्वास नॉर्मल दाखवतंय, ठोके नॉर्मल आहेत. दुखणं वाढलंय आणि आजारही तसाच आहे. कारण कळतंय ना? मग भेट मंजूर कशी करू? वरून मलाच विचारतात."

बोलण्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. एस्तेर जागेवर आली. दोन दिवसांनी आकडा पुन्हा आठावर गेला तेव्हा तिनं मर्यादा आणखी वाढवली. काचेवर बोट ठेवायला कितीसा वेळ लागतो.

महिनाअखेरीच्या बैठकीत ऋतुजा एकेका रुग्णाची प्रगती वाचून दाखवी. गरम बटाटेवडे असत, त्यामुळे बैठकीला सगळ्या हजर असत.

"झुंबरबाई सांगळे," ऋतुजा वाचू लागली. "दुखणं चढतं आहे, पण हालचाल कमालीची सुधारली. मागच्या महिन्यात पूर्ण अंथरुणाला खिळलेल्या. आता दिवसातला बराच वेळ उभ्या असतात. सिस्टर, तुम्ही औषध वाढवलंत त्याचा परिणाम असणार."

दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या. "लोंढे सिस्टर, नुसत्या वड्यांवर भागायचं नाही, पेढे पाहिजेत," शेजारची म्हणाली.

एस्तेरचा वडा हातातच राहिला. ती इतके दिवस फक्त दुखण्याचा आकडा बघत होती. हालचालीचा रकाना तिनं उघडलाच नव्हता.

"जरा मोठं करून दाखव ना," ती म्हणाली.

पडद्यावर रेघ उलगडली. पहाटे वाकणं आणि उठणं, वाकणं आणि उठणं. मग थोडी चाल. मग मानेपर्यंत येणारे बारीक, एकसारखे, भरभर झटके. मध्ये क्षणभर खंड, की पुन्हा तेच.

"हे काय असेल? फिजिओचे व्यायाम?" ऋतुजानं विचारलं.

एस्तेरच्या नकळत तिचा तळवा टेबलावर पडू लागला. थाप, थाप, थाप, मग खंड. पुन्हा थाप, थाप. समोरच्या जणी तिच्या हाताकडे बघू लागल्या. सगळ्याच जणी घरी तेच करत होत्या, तरी कळायला जरा वेळ लागला.

"भाकरी थापतंय कुणीतरी," एस्तेर म्हणाली. "झुंबरबाईंचा हात खांद्याच्या वर जात नाही. त्यांना उशीवर सरकवायला माणूस लागतं."

तिनं कपाटातून बॅग ओढली आणि कुणाच्या मंजुरीची वाट न बघता शेडकडे गेली. धुळीनं माखलेली स्कूटर चालू झाली हेच नवल. सिन्नरचा वारा तोंडावर येत होता. गोंदेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या मागची ती गल्ली तिच्या पायाखालची होती, तरी एक वळण चुकलं. किती महिने झाले होते इकडे येऊन.

दार योगितानं उघडलं. हात पिठाचे. एस्तेरला बघून तिचा चेहरा उजळला आणि लगेच तिनं दाराची चौकट धरली, सहज टेकल्यासारखी.

"या ना सिस्टर. आधी फोन करायचा. चहा ठेवते."

ती वळली. डोक्यावरचा पदर सरकला होता. मानेवर, मणक्याच्या कडेला, बोटभर लांबीची पट्टी होती.

 एस्तेर सरळ आतल्या खोलीत गेली. झुंबरबाई उताण्या पडल्या होत्या. ओठ निळसर, तोंड अर्धवट उघडं. छाती वर आली, खाली गेली, आणि मग काहीच झालं नाही. एस्तेरनं आधी पंपाची नळी बंद केली. नंतर बॅगेतून उताऱ्याचं इंजेक्शन काढून मांडीत दिलं, हनुवटी वर धरली आणि त्यांच्या छातीवर तळवा ठेवून बसली. तिची आई अशीच बसायची. हाताखाली एक श्वास आला. बऱ्याच वेळानं दुसरा. मग त्यांच्यातलं अंतर कमी होत गेलं.

योगिता दारात उभी होती, चहाची गाळणी हातात तशीच.

"कधीपासून लावलीस ही?" एस्तेरनं तिच्या मानेकडे बोट केलं.

"गौरी-गणपतीपासून असंल." योगिता गोंधळली. "आत्यांची कातडी निघू लागली पट्टीखाली. पाणी सुटायचं. त्यांना सोसंना. काढून ठेवली तर केंद्रातून फोन येतो, पट्टी सुटली म्हणून, अन् पंप थांबतो. मग आत्याच म्हणल्या, माझ्या वतीनं तू लाव. चतुर्थीसारखी. म्हणलं ठीक आहे. अंगाची ऊब लागली की चालते ना ती? पंप तर चालूच होता."

"फोनवर सांगायचं नाही का मला?"

"तुम्ही एवढ्या कामात. कातडी सोलली म्हणून काय फोन करायचा."

 उपास दुसऱ्याच्या नावे जात असेल तर पट्टी का जाणार नाही, असं या घराला वाटलं. मानेवर पट्टी असेल तो पेशंटच असणार, असं पट्टी घडवणाऱ्यांना वाटलं. आणि एस्तेरला कुठलाच प्रश्न पडला नाही. इथल्या घरांत काय काय दुसऱ्याच्या गळ्यात घातलं जातं हे तिला माहीत होतं, तरीही. दोनदा तिनं काचेवर बोट ठेवलं होतं.

मग ती दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली. श्वास, ठोके, भाकऱ्या सगळं या बाईचं होतं. तर तो आठाचा आकडाही हिचाच, आणि औषध मात्र मावशींच्या अंगात.

"योगिता, इकडे ये. बस. तुला कुठं दुखतं?"

"मला? मला काय होतंय."

"ही पट्टी रोज दुपारी आठ सांगते. आठ म्हणजे माणूस अंथरुणात गडाबडा लोळतो."

"ते आत्यांचंच सांगत असंल," योगिता म्हणाली. ती खरोखरच तसं समजत होती. "मी त्यांच्या वतीनं लावली ना."

"दुखणं असं वतीनं होत नसतं, पोरी."

 योगितानं गाळणी खिडकीत ठेवली, पुन्हा उचलली. "ओटीपोटात धरतं जरा. वाकलं की. बायांना असतंच काही ना काही. हे गाडी घेऊन वाशीला जातात, चार चार दिवस येत नाहीत. मी पडले तर आत्यांची कूस कोण बदलील?"

एस्तेरनं तिला चटईवर झोपवलं. पोट दाबून बघताना डाव्या बाजूला बोटांना एक कठीण गोळा लागला, लिंबाहून बराच मोठा. दाबल्यावर योगिताच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तोंडातून आवाज आला नाही.

तेवढ्यात केंद्रातून ऋतुजाचा फोन आला. एस्तेरनं झालेलं सगळं सांगितलं. 

"मावशी ठीक आहेत ना आता? देवाची कृपा. सिस्टर, ऐका माझं. यंत्रातला बिघाड अशी नोंद करते. जुने आकडे पुसले जातील, नवी पट्टी, नवी सुरुवात. नाहीतर पट्टीचा गैरवापर म्हणून पंप काढून न्यावा लागेल. नियमच आहे. आणि मर्यादा तुम्ही वाढवलीत, भेट मी नाकारली. चौकशीत दोघी जाऊ. तुमची तर निवृत्ती जवळ आली."

"आणि योगिताचे आकडे?"

"ते तिच्या नावावर नाहीतच."

एस्तेरला नाशिकच्या मोठ्या रुग्णालयातली रांग आठवली. पट्ट्या आल्यापासून तिथंही पाळी आकड्यानं लागे. ज्यांच्या नावावर आठ होता त्यांना त्याच आठवड्यात तपासत. आकडा नसलेल्यांनी पट्टी लावून घ्यायची, महिनाभराची नोंद आणायची आणि मग रांगेत उभं राहायचं. योगितासारखीची नोंद कधी व्हायचीच नाही. ती पट्टी मागायलाच गेली नसती.

"पुसून टाका, सिस्टर," योगिता हलक्या आवाजात म्हणाली. तिनं फोनमधलं ऐकलं होतं. "पंप नेला तर आत्या कशा राहतील? आठवा ना आधीचं. माझं मागनं बघू."

एस्तेरला आठवत होतं. ते ओरडणं तिनं या कानांनी ऐकलं होतं, आणि त्याच्याही आधी स्वतःच्या आईचं न ओरडणं. दोन्हींतलं निवडायचं कसं, हे तिला कुठल्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

"लिही."

दोघींनी वळून बघितलं. झुंबरबाईंचे डोळे उघडे होते. उताऱ्यानं औषधाचं पांघरूण एकदम ओढून काढलं होतं. कपाळावर घाम आला होता, मुठी आवळलेल्या होत्या.

"मावशी, तुम्ही बोलू नका."

"लिही म्हणते ना. तिचं नाव लिही."

"पंप जाईल, मावशी. गोळ्या अन् इंजेक्शनानं पूर्वीइतकंच भागेल. म्हणजे भागणार नाही."

"मला दुखलं तर मी ओरडंन," झुंबरबाई म्हणाल्या. मध्ये दम लागला म्हणून थांबल्या. "सगळी गल्ली जागी करीन. माझं मला येतं. तिला ओरडायला येत नाही."

योगिता काही म्हणायला गेली तर त्यांनी हात वर केला, जेवढा जात होता तेवढा.

एस्तेरनं योगिताच्या मानेवरची पट्टी सोडवली नाही. तिनं फोन पुन्हा कानाला लावला आणि ऋतुजाला म्हणाली, "लिहून घे. बिघाड नाही. पट्टी योगिता भाऊसाहेब सांगळे हिच्या अंगावर होती, आकडे तिचे आहेत. मर्यादा मी वाढवली, न बघता. आता नाशिकला कळव."

पलीकडे बराच वेळ बोटं कळांवर वाजत राहिली. "लिहिलं," ऋतुजा म्हणाली, आणि मग, "भेट मी नाकारली, तेही लिहिलं."

पंप दुसऱ्या दिवशी गेला. न्यायला आलेला माणूस झुंबरबाईंच्या डोळ्यांना डोळा देईना. एस्तेरला पडद्यापुढून उठवलं आणि चौकशी संपेपर्यंत घरोघर जायचं काम दिलं. ही शिक्षा होती. केंद्रातली कुणीतरी तिला गमतीनं म्हणाली, तुम्हाला हवं तेच मिळालं की. एस्तेर हसली नाही. ती दिवसातून तीनदा सांगळ्यांकडे जाई, आणि तरी ते पुरेसं नसे. इंजेक्शन उतरलं की ओरडणं सुरू होई. शेजारच्या बायकांनी पाळ्या लावून घेतल्या होत्या. कुणी कूस बदली, कुणी पेज भरवी. एकीनं तर कानात कापूस घालून पाय दाबले. रात्री घरी आल्यावरही एस्तेरला ते ओरडणं ऐकू येई. आपण योग्य केलं का, हे ती देवाला विचारी. 

योगिताच्या पोटातला गोळा काढायला उशीर झाला होता. किती उशीर, ते पोट उघडल्यावर कळणार होतं. भाऊसाहेबानं गाडी दुसऱ्याला चालवायला दिली आणि तो नाशिकला बायकोच्या उशाशी बसून राहिला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एस्तेर पाचच्या सुमाराला गेली. ऊन भिंतीवरून उतरत होतं. आल्या आल्या तिनं स्वतःच चहा टाकला. आता त्या घरात चहा तीच करी. बशीत ओतून, फुंकून तिनं तो झुंबरबाईंच्या ओठांशी नेला. त्यांनी तोंड फिरवलं.

"गरम नाही, मावशी. घ्या."

"आज चतुर्थी आहे."

"ती तुम्ही योगिताला दिली होती. मी होते ना तेव्हा."

"परत घेतली."

"अशी परत घेता येते?"

"देताना तिला कुणी विचारलं होतं का?" झुंबरबाई म्हणाल्या. "सकाळपासून काही घेतलं नाही. बाया पेज घेऊन आल्या होत्या, त्यांना लावलं वाटंला. चंद्र उगवल्यावर बघू."

"तेवढी ताकद नाही तुमच्यात. इंजेक्शन तरी घ्याल ना?"

त्यांनी विचार केला. "ते पोटात जात नाही ना?"

"नाही."

"मग दे."

एस्तेरनं इंजेक्शन दिलं. दंड इतका बारीक झाला होता की सुई कुठं घालावी कळेना. नाशिकचा फोन लागला तेव्हा भाऊसाहेबानं तो योगिताच्या कानाशी धरला. एस्तेरनं इकडचा झुंबरबाईंच्या कानाशी धरला, आवाज मोठा करून.

"आत्या, जेवल्या का?" योगितानं विचारलं. आवाज पार तळाला गेलेला. "कूस बदलली का कुणी? त्या निळ्या डब्यात राजगिऱ्याचे लाडू आहेत."

"माझं ऱ्हाऊ दे. तुझं सांग."

"मला काही नाही. मी बरी आहे."

"खोटारडी."

नाशिककडून फक्त वॉर्डातला आवाज, कुठंतरी भांडं पडल्याचा, एक पंखा.

"योगिता," झुंबरबाई म्हणाल्या, "माझ्या वतीनं लई केलंस. आता हे तुझं आहे. सांग."

पलीकडे खाट करकरली.

"दुखतंय, आत्या."

"ऐकू येत नाही."

"दुखतंय."

"मोठ्यानं. ते डाक्टर भितीपल्याड बसत असतील. त्यांना ऐकू गेलं पाहिजे."

आणि मग फोनमधून ते आलं. शब्द नव्हतेच त्यात. एवढ्या वर्षांत त्या घरानं योगिताचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. भाऊसाहेब घाबरून काहीतरी म्हणत होता, चपला धावत आल्याचा आवाज येत होता, आणि झुंबरबाई डोळे मिटून, एस्तेरचं मनगट घट्ट धरून, मान हलवत होत्या. हं. हं. असंच.

एस्तेरनं फोन हलू दिला नाही. बशीतल्या चहावर साय धरली होती. चंद्र उगवायला अजून पुष्कळ वेळ होता.